यीस्टचा माग: शब्दाचं मूळ शोधायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

'यीस्ट' हा शब्द मराठीत आता इतका रुळलाय की तो इंग्रजीतून आला एवढं कळलं की आपलं समाधान होतं. पण इंग्रजीत तो आला कुठून? तो इंग्रजीच्याही आधीचा आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत आजचा डेन्मार्क, दक्षिण स्वीडन आणि उत्तर जर्मनी या पट्ट्यात जी भाषा बोलली जायची, तिला अभ्यासक आद्य जर्मॅनिक म्हणतात. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, नॉर्वेजियन या सगळ्या तिच्या लेकी. त्या भाषेत लिहिलेलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही, तरी तिच्यातला 'यीस्ट'चा शब्द कसा होता हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. ते कसं सांगतात, हे एकदा स्वतः करून पाहिलं की पुढे कुठलाही शब्द घेऊन बसता येतं. म्हणून इथे एकच शब्द घेऊन सगळी वाट चालायची आहे.

सामान फारसं लागत नाही. एक वही, थोडी चिकाटी, आणि इंटरनेटवर फुकट मिळणारे दोन-तीन कोश. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टोलर यांचा कोश, जर्मनसाठी डीडब्ल्यूडीएस या संकेतस्थळावरच्या व्युत्पत्तीच्या नोंदी, आणि आपल्याकडच्या भाषांसाठी टर्नरचा तुलनात्मक कोश, जो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थच्या मराठी कोशाशेजारीच मिळतो. विक्शनरी सुरुवातीला वाट दाखवायला चांगली, पण तिथे थांबू नका. शाळेत संस्कृत शिकला असाल तर तुम्ही इंग्रज वाचकाच्या दोन पावलं पुढे आहात. का, ते पुढे येईलच.

आजचा शब्द बाजूला ठेवा, जुनी रूपं गोळा करा

पहिलं काम म्हणजे प्रत्येक भाषेतलं सापडेल तितकं जुनं रूप आणि त्याचा त्या काळचा अर्थ वहीत उतरवणं. आजचं रूप अनेकदा फसवतं.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ग' या अक्षराने लिहिलेला सापडेल. गोंधळू नका. त्या काळच्या लेखनात इ आणि ए यांच्या आधीचं ते अक्षर 'य' असं उच्चारत, म्हणजे शब्द होता 'यिस्त'. डचमध्ये तोच आज 'खिस्त' आहे, स्वीडिशमध्ये 'येस्त'. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे आइसलँडच्या सागांच्या (जुन्या गद्य कथांच्या) भाषेत, 'योस्त्र'. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'येस्त' आहे, पण त्याचा अर्थ यीस्ट नाही, फेस. आजच्या जर्मनमध्ये त्याचं 'गिश्त' झालंय आणि ते खडकावर आपटलेल्या लाटेच्या फेसाळ तुषारांना म्हणतात.

इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. लाटेच्या तुषारांचा पावाशी काय संबंध, म्हणून ते रूप खोडून टाकतात. खोडू नका. न जुळणारा अर्थ हाच पुष्कळदा सगळ्यात बोलका साक्षीदार निघतो. तूर्त त्याच्यापुढे एक खूण करून ठेवा.

नामांबरोबर क्रियापदंही शोधा. हा सल्ला कोशात कुठे लिहिलेला नसतो, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा. जुन्या उच्च जर्मनमध्ये 'येसन' म्हणजे आंबणं, फसफसणं. स्वीडिशमध्ये 'येसा' म्हणजे तेच. म्हणजे 'येस्त' हे नाव त्या क्रियेवरून पडलंय. आता आपल्याला शब्दाचं नव्हे, 'येस्' या धातूचं मूळ शोधायचं आहे.

कानाला सारखं वाटतं यावर विसंबू नका

व्युत्पत्तीत साम्याला किंमत नाही, नियमित फरकाला आहे. दोन भाषांतले आवाज एका शब्दात जसे बदललेले दिसतात तसेच ते दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या शब्दातही बदललेले दिसले पाहिजेत. 1818 मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने आणि 1822 मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमने जर्मॅनिक भाषांतल्या व्यंजनांचे असे नियम मांडले, आणि तेव्हापासून हा उद्योग अंदाजपंचे राहिला नाही.

नियम तपासायला आपल्या ओळखीचा शब्द घेऊ. बैलांच्या मानेवरचं 'जू'. ते संस्कृत 'युग'वरून आलं. ग्रीकमध्ये त्याचा भाऊ 'झुगोन', लॅटिनमध्ये 'युगुम', इंग्रजीत 'योक', जर्मनमध्ये 'योख'. सुरुवातीच्या आवाजांची रांग लावा: संस्कृत य, ग्रीक झ, लॅटिन य, इंग्रजी य, जर्मन य. स्वरांचाही एक नियम इथेच लिहून ठेवा: युरोपात जिथे 'ए' असतो तिथे संस्कृतात 'अ' येतो. आपलं 'अस्ति', लॅटिनचं 'एस्त'.

आता 'येस्' या धातूला ही फूटपट्टी लावा. ग्रीकमध्ये 'झेस्' आणि संस्कृतात 'यस्' असं काही सापडलं पाहिजे, आणि अर्थ फेसाळणं-उसळण्याच्या आसपासचा हवा.

ग्रीकमध्ये सापडतं. 'झेओ' म्हणजे उकळतो. यात 'स' कुठे गेला असं विचाराल, तर ग्रीकमध्ये दोन स्वरांमधला 'स' गळून पडतो. पण 'त'च्या आधी तो टिकतो, आणि म्हणून 'उकळलेला' या अर्थी 'झेस्तोस' असा शब्द आहे. हरवलेला 'स' तिथे जागेवर बसलेला दिसतो. याच क्रियापदाला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'उकळून बाहेर येणं' आणि त्यातून त्वचारोगाचं नाव झालं. त्वचारोगतज्ज्ञ चिठ्ठीवर एक्झिमा लिहितात तेव्हा ते यीस्टच्याच घराण्यातलं नाव लिहीत असतात.

'यीस्ट'मधला शेवटचा 'ट'ही तपासा. ग्रिमच्या नियमाप्रमाणे जुना 'त' इंग्रजीत 'थ' होतो (त्रि आणि थ्री). मग इथे 'थ' का नाही? कारण 'स'ला चिकटलेला 'त' या नियमातून सुटतो: 'स्था' आणि 'स्टँड'. हिशेब जुळतो.

जुळत नाही तिथे थांबा: 'स'चा 'र' कसा झाला

आजच्या जर्मनमध्ये आंबण्याला 'गेरेन' म्हणतात. सुरुवातीचा 'ग' समजण्यासारखा आहे. 'गिश्त'मध्येही 'य'चा 'ग' झालाच आहे. पण 'स'च्या जागी 'र' कुठून आला? हौशी माणूस इथे एकतर 'गेरेन' वेगळा शब्द ठरवतो, नाहीतर 'होतं कधीकधी' म्हणून पुढे जातो. दोन्ही चूक.

याचं उत्तर कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने दिलं. त्याचा लेख 1877 मध्ये छापून आला. त्याच्या म्हणण्यानुसार, जुन्या भाषेत शब्दाचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'स'च्या आधीच्या अक्षरावर नसेल तर जर्मॅनिकमध्ये 'स'चा 'झ' होतो, आणि पुढे इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांत त्या 'झ'चा 'र' होतो. इंग्रजीतलं 'वॉज' आणि 'वेअर' हे जोडपं याच कारणाने वेगळं दिसतं.

आता जुन्या जर्मनमध्ये क्रियापदं दोन होती. 'येसन' म्हणजे आंबणं, आणि 'येरियन' म्हणजे आंबवणं. मराठीत जसं साधं आणि प्रयोजक रूप असतं, अगदी तसं. संस्कृतात प्रयोजक रूप 'अय' लावून करतात आणि वेदपाठात आघात त्या 'अय'वर असतो, धातूवर नसतो. धातूवर आघात नाही म्हणून 'स'चा 'झ', आणि 'झ'चा 'र'. आजच्या 'गेरेन'मध्ये ही दोन्ही क्रियापदं मिसळली आहेत. जर्मनमधल्या एका 'र'चा खुलासा वेदातल्या आघातांवरून होतो, हे पहिल्यांदा कळलं की माणूस या विषयाला कायमचा लागतो.

तारांकित रूप मांडा, आणि प्रत्येक अक्षराचा पुरावा द्या

कोशात आद्य जर्मॅनिक शब्दाच्या डोक्यावर एक तारा असतो: *येस्तुझ. तारा म्हणजे 'हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, आम्ही बांधलं आहे'. तारा पाहिला की लगेच विचारायचं, यातलं प्रत्येक अक्षर कुणाच्या साक्षीवर उभं आहे?

य, ए, स, त यांची साक्ष वर झाली. शेवटचा 'झ' हा प्रथमेचा प्रत्यय, तो नॉर्सच्या 'योस्त्र'मध्ये 'र' होऊन बसलाय. पण मधला 'उ'? तो इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये नाही, डचमध्ये नाही.

तो नॉर्सच्या स्वरात लपलाय. नॉर्सने शब्दाच्या सुरुवातीचा जुना 'य' टाकून दिला होता. इंग्रजी 'यंग'ला नॉर्समध्ये 'उंग्र', 'योक'ला नुसतं 'ओक'. मग 'योस्त्र'ला 'य' कसा? तो जुना 'य' नव्हेच. नॉर्समध्ये 'ए'च्या पुढच्या अक्षरात 'उ' असेल तर त्या 'ए'चा 'यो' होतो. *स्केल्दुझ या शब्दाचं 'स्क्योल्द्र', म्हणजे ढाल, असंच झालं. तेव्हा आधी 'येस्तुझ'चा 'य' गेला, 'एस्तुझ' उरलं, आणि 'उ'ने 'ए'ला वाकवून 'योस्त्र' केलं. 'उ' स्वतः नाहीसा झाला, पण त्याने केलेला बदल मागे राहिला. शिवाय 'तु' हा प्रत्यय आपल्याला नवा नाही: जंतु, तंतु, धातु, हेतु.

संस्कृतातला 'यस्'

आता मघापासून राहिलेला 'यस्'. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तो 'यसु प्रयत्ने' असा दिलाय. म्हणजे अर्थ प्रयत्न. प्रयास, आयास, आणि मराठीत आपण बिनदिक्कत वापरतो ते सायास, हे सगळे त्याचेच. आवाज तंतोतंत जुळतात, पण अर्थ? फेस कुठे आणि प्रयास कुठे?

इथे धातुपाठावर थांबायचं नाही, त्याच्याही मागे जायचं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, 104व्या सूक्तात, दुसऱ्या ऋचेत हा धातू येतो: 'तपुर्ययस्तु चरुरग्निवाँ इव'. आगीवर ठेवलेल्या चरूच्या भांड्यासारखा ताप उसळू दे, असा भाव. इथे 'यस्' म्हणजे उकळणं, खदखदणंच आहे. प्रयत्नाचा अर्थ नंतरचा. तापणं, उकळणं, अंगाची आग होईपर्यंत खपणं हा प्रवास मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये, कारण आपणही कष्टांना 'रक्त आटवणं' म्हणतो.

म्हणजे आद्य भारोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मॅनिक या सगळ्यांची मूळ भाषा) धातू 'येस्', अर्थ उकळणं, फेसाळणं, बुडबुडे येणं. मघाशी खूण करून ठेवलेला लाटेचा फेस आता आपोआप जागेवर बसतो. जर्मॅनिक लोकांनी यीस्टला नाव दिलं ते 'उसळणारं' या अर्थाने.

एक तंबी मात्र द्यायला हवी, कारण आपल्याकडे ही घसरण फार सोपी आहे. 'यीस्ट हा शब्द संस्कृतातून गेला' असं लिहू नका. संस्कृत 'यस्' आणि जर्मॅनिक 'येस्' ही भावंडं आहेत, आई-लेक नव्हेत. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन या कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमातून निघाल्या. संस्कृतातला 'अ' तर उलट नंतरचा बदल आहे. इथे जुना 'ए' युरोपीय भाषांनी जपला.

शेजारचे शब्दही पाहा

एका शब्दाचा अर्थ नीट लागला का हे पाहायचं असेल तर त्याच वस्तूला शेजारीपाजारी काय म्हणतात ते बघावं. यीस्टला जर्मॅनिक भाषांत एक नाव नाही, अर्धा डझन तरी आहेत.

इंग्रजीतच जुना दुसरा शब्द आहे 'बार्म'. मूळ अर्थ बिअरवर येणारा फेस, आणि तो 'उकळणं' याच अर्थाच्या दुसऱ्या एका धातूवरून आलाय. लॅटिन 'फर्मेंटुम', म्हणजे आजचं फर्मेंटेशन, त्याच कुळातलं. मँचेस्टरच्या बाजूला आजही साध्या गोल पावाला 'बार्म केक' म्हणतात, आणि डोक्यात फेस झालेल्या माणसाला 'बार्मी'. बिअरचा फेस आणि पाव यांचं नातं जुनं आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की गॉल (आजचा फ्रान्स) आणि स्पेनचे लोक पिठात बिअरचा फेस घालतात, म्हणून त्यांचा पाव इतरांपेक्षा हलका होतो. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पावासाठी माडाची सूर (माडी) वापरायचे, तीच युक्ती.

जर्मन लोक यीस्टला 'हेफे' म्हणतात. ते 'हेबेन', म्हणजे उचलणं, यावरून. इथे फेस नाही, फुगून वर येणारं पीठ डोळ्यांपुढे आहे. आणि पश्चिम नॉर्वेत, व्हॉस वगैरे भागांत, घरी बिअर गाळणारे शेतकरी आपल्या पिढीजात यीस्टला 'क्वेइक' म्हणतात. ते लाकडी कड्यांवर किंवा खाचा पाडलेल्या ओंडक्यावर वाळवून पुढच्या खेपेपर्यंत ठेवायची पद्धत होती. जुन्या नॉर्समध्ये 'क्वेइक्या' म्हणजे पेटवणं, चेतवणं, आणि त्याच्या मुळाशी 'क्विक्र' म्हणजे जिवंत. आता नियम लावा. जुना 'ग' जर्मॅनिकमध्ये 'क' होतो, जसं गाय आणि काऊ. संस्कृतात तोच आवाज पुढे 'ई' आला की 'ज' होतो. तेव्हा 'क्विक्र'चा आपल्याकडचा भाऊ 'जीव'. इंग्रजी 'क्विक'चाही जुना अर्थ जिवंत हाच.

फेसाळणारं, उकळणारं, उचलणारं, चेतवणारं. एकाही नावात 'सूक्ष्म जीव' नाही. 'क्वेइक'मधला जीवही आग चेतवण्याचा आहे, पेशीचा नाही. असणार कसा? बव्हेरियात 1516 मध्ये बिअरचा कायदा झाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगितलं होतं, यीस्टचा उल्लेखही नव्हता. लेव्हेनहूकने 1680 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बिअरमधले गोळे पाहिले, पण ते सजीव असल्याचं मांडलं गेलं 1837 च्या सुमाराला, कॅन्यार द ला तूर आणि श्वान यांच्याकडून. पुढे पाश्चर आला, आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या *येस्तुझचा अर्थ लिहिताना 'यीस्ट' एवढंच लिहू नये. फेस, गाळ, आंबवण, सगळं मिळून जे काही पिंपात उसळताना दिसायचं ते.

काय टाकून द्यायचं

इंग्रजीत 'सार' या अर्थी 'जिस्ट' असतं, ते जुन्या फ्रेंचमधून आलंय. डच 'खिस्त'शी त्याचं लेखन जुळतं, नातं नाही. 'गेस्ट'चं जुन्या इंग्रजीतलं एक रूप यीस्टच्या एका रूपासारखंच लिहिलं जायचं, तोही योगायोग. बिअरप्रेमींना आवडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे यीस्ट आणि जर्मन 'गाइस्ट', म्हणजे आत्मा, हे एकच. नाहीत. 'गाइस्ट'चा 'ग' खरा 'ग' आहे आणि स्वर जोडस्वर आहे, कुठलाच नियम ते जुळवून देत नाही.

ग्रीक 'झ्युमे', म्हणजे आंबवण, मात्र भल्याभल्यांना फसवतं. 'झ' आहे, अर्थही हाच आहे, आणि 'एन्झाइम' हा शब्द त्यावरूनच 1870 च्या दशकात बनवला गेला. पण त्याचं नातं 'येस्'शी नसून संस्कृत 'यूष' (काढा, कढण) आणि लॅटिन 'यूस' यांच्याशी लावतात. या 'यूस'वरूनच फ्रेंचमार्गे 'ज्यूस' आला. अर्थ जुळला आणि पहिला आवाज जुळला तरी स्वर जुळत नसेल तर हात आखडता घ्यायचा.

वहीतला शेवटचा रकाना

प्रत्येक पायरीसमोर खात्रीची पातळी लिहा. माझ्या वहीत 'येसन, येस्त, यिस्त एकाच घरातले' याच्यापुढे 'पक्कं' आहे. 'झेओ' आणि 'यस्' यांच्याशी नातं, पक्कं. 'तु' प्रत्यय, 'बहुतेक', कारण तो मुख्यतः एका भाषेच्या साक्षीवर आहे. अशी नोंद ठेवली की नंतर कुणी प्रश्न विचारला तर सगळी इमारत हलत नाही, कुठली वीट सैल आहे ते माहीत असतं.

सरावासाठी पुढचा शब्द बिअरच्याच पिंपातला घ्या: 'माल्ट'. सुरुवातीला हातात एवढंच ठेवा. जुना 'द' जर्मॅनिकमध्ये 'ट' होतो (दोन आणि टू, दहा आणि टेन). संस्कृत 'ऋ'च्या जागी मुळात 'ल'ही असू शकतो. जव भिजवून मोड आणले की त्याच्या दाण्याचं काय होतं ते बोटाने दाबून पाहा. आणि मग मराठी 'मऊ' हा शब्द टर्नरच्या कोशात शोधा.